दुर्बिणीतून दिसणाऱ्या सूर्याच्या दिशा कशा ओळखाव्यात

एकाच सकाळी, एकाच गच्चीवरून, योग्य फिल्टर लावलेल्या तीन साधनांतून सूर्य पाहिला, तर तोच सौरडाग द्विनेत्रीत वर डावीकडे, डायगोनल (प्रकाश काटकोनात वळवणारा आरसा) लावलेल्या भिंगाच्या दुर्बिणीत वर उजवीकडे आणि डायगोनल काढून सरळ नेत्रिका (डोळ्याजवळचे भिंग) बसवलेल्या दुर्बिणीत खाली उजवीकडे दिसतो. तिन्ही साधने निर्दोष असतात आणि तिघांनीही काढलेले चित्र आपापल्या जागी खरे असते. तरीही चित्रावर दिशा लिहिलेल्या नसतील, तर त्या तीन कागदांची एकमेकांशी तुलना करता येत नाही. पूर्व कडेजवळचा डागांचा गट पुढचे बारा-तेरा दिवस दिसत राहणार असतो आणि पश्चिम कडेजवळचा एकदोन दिवसांत दिसेनासा होणार असतो. म्हणून पूर्व-पश्चिमेची गल्लत झाली की निरीक्षणाचा अर्थच उलटतो.

या विषयावरच्या तक्त्यांत बहुधा ‘अमुक दुर्बिणीत उत्तर खाली, तमुक दुर्बिणीत उत्तर वर’ असे लिहिलेले असते. हे तक्ते पाठ करू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. ते बहुतेक युरोप किंवा अमेरिकेच्या अक्षांशांसाठी आणि मध्यान्हीच्या सूर्यासाठी बनवलेले असतात, आणि त्यांत दोन स्वतंत्र प्रश्न एकत्र मिसळलेले असतात. पहिला प्रश्न असा की प्रतिमा आरशातल्यासारखी बाजू बदललेली आहे का. दुसरा असा की ती किती अंशांनी फिरलेली आहे. पहिल्याचे उत्तर दुर्बिणीच्या रचनेत असते आणि ती रचना बदलेपर्यंत कायम राहते. दुसऱ्याचे उत्तर वेळ, ऋतू, माउंट (दुर्बिणीचा फिरता आधार) आणि डायगोनल कोणत्या कोनात बसवला आहे यांवर अवलंबून असते, म्हणून ते दर वेळी नव्याने शोधावे लागते. फिरलेली प्रतिमा कागद फिरवून सरळ करता येते. आरसाप्रतिमा मात्र कागद कितीही फिरवला तरी सरळ होत नाही.

सुरक्षिततेबाबत आधी

दिशा शोधताना दुर्बीण वारंवार हलवावी लागते, आणि नेमक्या अशा वेळी निष्काळजीपणा होण्याचा धोका असतो. फिल्टर नेहमी दुर्बिणीच्या पुढच्या तोंडावर, वाऱ्याने निघणार नाही असा घट्ट बसवावा. दृश्य निरीक्षणासाठीचा फिल्टर प्रकाशाचा सुमारे एक लाखावा भाग आत येऊ देतो. नेत्रिकेला मागून लावायचे जुने गडद ‘सन फिल्टर’ उष्णतेने तडकतात, म्हणून ते कधीही वापरू नयेत. शोधक दुर्बीण (मुख्य नळीवरची लहान दुर्बीण) झाकून ठेवावी किंवा काढून ठेवावी. हर्शेल वेज (पुढच्या फिल्टरऐवजी वापरायचा, थोडाच प्रकाश नेत्रिकेकडे परावर्तित करणारा प्रिझम) फक्त भिंगाच्या दुर्बिणीला लावावा आणि त्यातही ठरलेले गडद फिल्टर असल्याची खात्री करावी, कारण वेजमधून परावर्तित होणारा चार-पाच टक्के प्रकाशसुद्धा डोळ्यांना घातक असतो.

परावर्तने मोजणे

वस्तुभिंगापासून डोळ्यापर्यंत येताना प्रकाश किती वेळा परावर्तित होतो ते मोजावे. संख्या सम असेल, शून्यही त्यातच आले, तर प्रतिमा आरशातली नसते, फार तर फिरलेली असते. संख्या विषम असेल तर ती आरसाप्रतिमा असते. भिंगे स्वतः प्रतिमा १८० अंशांनी फिरवू शकतात, पण तिची बाजू बदलत नाहीत.

हा नियम लावला की बहुतेक साधनांचा उलगडा होतो. सरळ नेत्रिका लावलेल्या भिंगाच्या दुर्बिणीत परावर्तन होतच नाही, त्यामुळे प्रतिमा १८० अंशांनी फिरलेली पण खऱ्या बाजूची असते. न्यूटोनियन दुर्बिणीत मुख्य आरसा आणि तिरपा आरसा अशी दोन परावर्तने होतात, तेव्हा तिथेही प्रतिमा खऱ्या बाजूची असते. मात्र नेत्रिका नळीच्या बगलेत असल्यामुळे पाहणाऱ्याचे ‘वर’ आणि आकाशाचे ‘वर’ यांचा मेळ राहत नाही. डॉब्सोनियनवर (साध्या फिरत्या बैठकीवरच्या न्यूटोनियनवर) डोके थोडे तिरपे केले तरी डाग जागा बदलल्यासारखा वाटतो. श्मिट-कॅसेग्रेन आणि मॅक्सुटोव्ह दुर्बिणींत आतले दोन आरसे आणि डायगोनलचा एक मिळून तीन परावर्तने होतात, म्हणून त्यांत आरसाप्रतिमा दिसते. साधा डायगोनल लावलेली भिंगाची दुर्बीणही याच गटात येते. डायगोनल उभा ठेवून वरून पाहिले तर आकाशातली वरची बाजू वरच राहते आणि डावे-उजवे बदलते. हर्शेल वेजमध्ये पुढच्या पृष्ठभागावरचे एकच परावर्तन डोळ्यापर्यंत पोहोचते, म्हणून तोही दिशांच्या दृष्टीने डायगोनलसारखाच. याउलट अमिची प्रिझम प्रतिमा सुलटी आणि खऱ्या बाजूची देतो.

एच-अल्फा (हायड्रोजनचा विशिष्ट लाल प्रकाशच दाखवणाऱ्या) दुर्बिणींच्या बाबतीत विशेष लक्ष द्यावे. अनेक दुर्बिणींत नको असलेला प्रकाश अडवणारा ब्लॉकिंग फिल्टर काटकोनी डायगोनलमध्येच बसवलेला असतो, त्यामुळे तो काढून सरळ पाहण्याची सोय नसते आणि आरसाप्रतिमाच मिळते. काही छोट्या एच-अल्फा दुर्बिणींत प्रकाश वळवण्यासाठी पेंटाप्रिझम असतो. त्यात दोन परावर्तने होतात, म्हणून बाहेरून दोन्ही दुर्बिणी काटकोनात वळलेल्या दिसल्या तरी त्यांच्या प्रतिमा एकमेकींच्या आरसाप्रतिमा असतात. आपल्या साधनात काय आहे हे माहीत नसेल तर अंदाज करू नये. एखादी दूरची अक्षरे लिहिलेली पाटी त्यातून पाहावी. पुस्तक फिरवून वाचता यावे तशी अक्षरे डोके फिरवून वाचता आली तर प्रतिमा खऱ्या बाजूची आहे, आणि कोणत्याही कोनातून ती उलटीच राहिली तर आरशातली. एच-अल्फा दुर्बिणीतून सूर्याखेरीज काही दिसत नाही, म्हणून तिच्यासाठी पुढे दिलेली सूर्याच्या सरकण्याची चाचणीच वापरावी.

पडद्यावर पाडलेली प्रतिमा

प्रक्षेपणात सर्वांत जास्त गोंधळ होतो. पडद्याकडे पाहताना आपली पाठ सूर्याकडे असते, आणि त्यामुळे परावर्तनांच्या हिशेबात आणखी एक उलट मिळवावी लागते. सरळ नेत्रिका लावलेल्या भिंगाच्या दुर्बिणीतून पडद्यावर पाडलेल्या प्रतिमेत हिवाळ्यातल्या मध्यान्ही उत्तर वर येते, पण पूर्व उजवीकडे आणि पश्चिम डावीकडे जाते. त्याच दुर्बिणीत डोळ्याने दिसणारी प्रतिमा खऱ्या बाजूची असते, पण पडद्यावरची आरशातली. डायगोनल लावून पाडलेली प्रतिमा मात्र पडद्यावर खऱ्या बाजूची होते. सुईच्या छिद्रातून पडलेल्या प्रतिमेत उत्तर खाली आणि पूर्व डावीकडे येते, म्हणजे तीही आरसाप्रतिमाच.

ही अडचण जुनी आहे. आपला शिष्य कास्तेल्ली याने सुचवलेल्या प्रक्षेपणाच्या पद्धतीने गॅलिलिओने १६१२ मध्ये सौरडागांची चित्रे काढली, तेव्हा कागद उलटवून उजेडासमोर धरला की डाग प्रत्यक्ष पाहिल्यासारखे दिसतात हे त्याने नोंदले होते. आजही ट्रेसिंग पेपरवर चित्र काढून तो मागच्या बाजूने पाहणे हा आरसाप्रतिमा सुधारण्याचा सोपा उपाय आहे. प्रक्षेपणासाठी साध्या भिंगाची दुर्बीण आणि चिकटवलेली भिंगे नसलेली हायगेन्स किंवा रॅम्सडेन नेत्रिका वापरावी. श्मिट-कॅसेग्रेन आणि मॅक्सुटोव्ह दुर्बिणी यासाठी वापरू नयेत, कारण आत उष्णता साठून त्यांचे नुकसान होते.

आपल्या आकाशातली उत्तर दिवसभर फिरते

सूर्यबिंबावरची खगोलीय उत्तर म्हणजे त्या जागेवरून ध्रुवताऱ्याकडे जाणारी दिशा. मुंबईहून ध्रुवतारा क्षितिजापासून सुमारे १९ अंश उंचीवर असतो. मार्च किंवा सप्टेंबरमध्ये सूर्य उगवताना आपण पूर्वेकडे तोंड करून उभे असतो, तेव्हा बिंबाची उत्तर बाजू वर नसते. ती उभ्या रेषेपासून सुमारे ७१ अंश डावीकडे झुकलेली असते. त्या वेळी बिंबाची वरची, म्हणजे आधी उगवणारी कड जवळजवळ पश्चिमेची असते. मावळताना हेच चित्र उलटते. उत्तर बाजू तेवढीच उजवीकडे झुकते आणि पश्चिमेची कड खालून क्षितिजात बुडते. म्हणजे दिगंश-उन्नतांश (डावे-उजवे आणि वर-खाली फिरणाऱ्या) माउंटवर ठेवलेल्या दुर्बिणीत सकाळ ते संध्याकाळ प्रतिमा सुमारे १४२ अंश फिरते. सकाळी नऊला काढलेल्या चित्रावरची ‘वरची’ बाजू दुपारी चारच्या चित्रात भलत्याच ठिकाणी असते, आणि त्यात दुर्बिणीचा दोष नसतो.

कर्कवृत्ताच्या दक्षिणेला राहणाऱ्यांना आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. मुंबईत मे महिन्याच्या मध्यावर आणि जुलैच्या अखेरीस सूर्य मध्यान्ही अगदी डोक्यावर येतो. हेच शून्य सावलीचे दिवस. या दोन तारखांच्या मधल्या काळात मध्यान्हीचा सूर्य खस्वस्तिकाच्या (अगदी डोक्यावरच्या बिंदूच्या) उत्तरेला असतो. तेव्हा उत्तरेकडे तोंड करून पाहणाऱ्याला बिंबाची उत्तर बाजू खाली आणि पूर्व बाजू उजवीकडे दिसते. शून्य सावलीच्या आसपासच्या दिवसांत मध्यान्हीला उत्तरेची दिशा काही मिनिटांत झपाट्याने फिरते, आणि दिगंश-उन्नतांश माउंटला तो सूर्य धरून ठेवणेही जड जाते. अशा दिवसांत निरीक्षण सकाळी उरकावे. हवाही तेव्हा शांत असते. ऑस्ट्रेलियाच्या दक्षिण भागात राहणाऱ्या मराठी निरीक्षकांना तर वर्षभर मध्यान्हीचा सूर्य उत्तरेकडेच दिसतो, त्यामुळे त्यांच्यासाठी उत्तर खाली हीच नेहमीची स्थिती.

विषुववृत्तीय माउंट ध्रुवाकडे नीट रोखलेला असेल तर नळीच्या संदर्भात उत्तर दिवसभर स्थिर राहते. पण जर्मन पद्धतीच्या माउंटवर सूर्य याम्योत्तर वृत्त (आकाशातली उत्तर-दक्षिण मध्यरेषा) ओलांडल्यावर दुर्बीण दुसऱ्या बाजूला घ्यावी लागते आणि प्रतिमा १८० अंशांनी फिरते. डायगोनल फोकसरमध्ये थोडा जरी फिरवला तरी प्रतिमा फिरते. सोयीसाठी तो फिरवला असेल तर जुन्या खुणा रद्द समजाव्यात.

सूर्यालाच दिशा विचारणे

आता मुख्य कृती. ही कोणत्याही दुर्बिणीत, पडद्यावर किंवा कॅमेऱ्याच्या पटलावर सारखीच चालते, आणि म्हणूनच मी ती सर्व तक्त्यांहून विश्वासार्ह मानतो.

कागदावर १५ सेंटिमीटर व्यासाचे वर्तुळ काढावे. दुर्बीण सूर्यावर रोखून मागोवा घेणारी मोटर बंद करावी आणि नळीला हात लावू नये. पृथ्वीच्या फिरण्यामुळे बिंब दृष्टिक्षेत्रात सरकू लागते, आणि स्वतःच्या व्यासाएवढे अंतर ते सव्वादोन मिनिटांच्या आसपास पार करते. ते ज्या दिशेने सरकते ती पश्चिम. दृष्टिक्षेत्राबाहेर सर्वांत आधी जाणारी कड पश्चिमेची आणि सर्वांत शेवटी जाणारी कड पूर्वेची. दिशा अचूक हवी असेल तर कडेऐवजी एखादा लहान, ठळक डाग निवडावा. बारीक आडव्या-उभ्या तारा बसवलेली नेत्रिका असल्यास ती अशी फिरवावी की डाग आडव्या तारेवरूनच सरकेल. पडद्यावर काम करत असल्यास डाग रेषेवरून सरकेपर्यंत कागद फिरवावा. ती रेषा म्हणजे पूर्व-पश्चिम रेषा. हे दोनतीनदा करून पाहावे, म्हणजे चूक एखाद्या अंशावर येते.

त्यानंतर उत्तर शोधावी. मोटर चालू करून किंवा बिंब पुन्हा मध्यभागी आणून नळीचे तोंड ध्रुवताऱ्याच्या बाजूला किंचित ढकलावे. सकाळी सूर्य पूर्वेला असताना याचा अर्थ नळी डावीकडे वळवणे, संध्याकाळी उजवीकडे वळवणे, आणि डिसेंबरच्या मध्यान्ही वर उचलणे. ढकलणे नेमके असण्याची गरज नाही, कारण रेषा आधीच ठरलेली आहे आणि तिच्या दोन बाजूंपैकी उत्तरेची कोणती एवढेच ठरवायचे आहे. नळी उत्तरेकडे ढकलल्यावर बिंबाच्या ज्या बाजूला रिकामे आकाश उघडते ती उत्तर, आणि बिंब ज्या बाजूला सरकते ती दक्षिण. इथे घाई करू नये. नळी जाते त्याच बाजूला बिंब जाईल असे मनाला वाटते आणि नवशिके उत्तर-दक्षिण इथेच उलटी लिहितात.

दोन्ही दिशा कागदावर लिहिल्यावर आरशाची परीक्षा आपोआप होते. वर्तुळाच्या कडेवर उत्तरेकडून निघून जवळच्या मार्गाने पूर्वेकडे जावे. हा मार्ग घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने असेल तर प्रतिमा खऱ्या बाजूची आहे. काट्यांच्या दिशेने असेल तर ती आरसाप्रतिमा आहे. उत्तर वर असो वा खाली किंवा तिरपी, ही परीक्षा कधी चुकत नाही.

आरसाप्रतिमा निघाली तर पाहता पाहता मनातल्या मनात डावे-उजवे बदलून चित्र काढण्याचा मोह टाळावा, कारण चार-पाच डागांनंतर हात चुकतोच. जसे दिसते तसेच काढावे आणि कागदाच्या कोपऱ्यात ‘आरसा’ असे ठळक लिहावे. नंतर स्कॅन करून संगणकावर प्रत उलटवावी, पण मूळ कागदात फेरफार करू नये. मी दोन प्रकारचे छापील अर्ज जवळ ठेवतो, एकात पूर्व डावीकडे आणि दुसऱ्यात उजवीकडे.

सूर्याचा स्वतःचा अक्ष

एवढे झाले की आकाशाची उत्तर मिळते. सूर्याच्या अक्षाची उत्तर वेगळी असते, आणि हा फरक वर्षभर बदलत राहतो. खगोलीय पंचांगांत आणि संगणक-प्रणालींत तो ‘पी’ कोन म्हणून दिलेला असतो. ५ जानेवारी आणि ७ जुलैच्या सुमारास तो शून्य असतो. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात तो उणे २६.३ अंशांपर्यंत जातो, म्हणजे अक्षाचे उत्तर टोक पश्चिमेकडे कललेले असते. १० ऑक्टोबरच्या सुमारास तो अधिक २६.३ अंश होतो आणि टोक पूर्वेकडे कलते. कागदावर दिशा लिहिलेल्या असल्यामुळे दुरुस्ती सोपी आहे: कोन धन असेल तर उत्तरेच्या खुणेपासून पूर्वेच्या खुणेकडे तेवढे अंश मोजावेत, ऋण असेल तर पश्चिमेच्या खुणेकडे. मोजताना ‘डावीकडे’ आणि ‘उजवीकडे’ हे शब्द वापरू नयेत. ‘पूर्वेकडे’ म्हटले की आरसाप्रतिमेवरही नियम तसाच लागू पडतो.

पुण्याचे एक उदाहरण घेऊ. ६ एप्रिलला सकाळी साडेआठच्या सुमारास आकाशाची उत्तर उभ्या रेषेपासून साधारण ७२ अंश डावीकडे असते. अक्ष पश्चिमेकडे, म्हणजे त्या वेळी वरच्या बाजूला, २६ अंश कललेला असल्यामुळे सूर्याचे उत्तर टोक ४६ अंश डावीकडे येते. ८ ऑक्टोबरला सकाळी सव्वाआठच्या सुमारास, म्हणजे मध्यान्हीपूर्वी तितक्याच वेळाने, आकाशाची उत्तर ६६-६७ अंश डावीकडे असते आणि अक्ष आणखी २६ अंश पूर्वेकडे झुकतो, त्यामुळे तेच टोक जवळजवळ आडवे, ९३ अंशांवर जाते. डायगोनल उभा लावलेल्या दुर्बिणीत हेच कोन उजवीकडे मोजावे लागतील. दुर्बीण तीच, गच्ची तीच आणि सूर्याची आकाशातली जागाही जवळपास तीच असूनही सहा महिन्यांत अक्ष ४७ अंशांनी फिरला.

डागांचे अक्षांश मोजायचे असतील तर सूर्याच्या विषुववृत्ताचा कल, म्हणजे ‘बी-शून्य’ कोनही घ्यावा. सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात सूर्याचा उत्तर ध्रुव आपल्याकडे ७.२५ अंश झुकलेला असतो आणि मार्चच्या आरंभी दक्षिण ध्रुव. त्यासाठी तयार स्टोनीहर्स्ट जाळ्या (सूर्याचे अक्षांश-रेखांश आखलेली वर्तुळे) मिळतात; योग्य कोनाची जाळी निवडून चित्रावर ठेवली की अक्षांश थेट वाचता येतात.

कॅमेरा

दुर्बिणीला थेट जोडलेल्या डीएसएलआर कॅमेऱ्यात भिंगाने उलटवलेली प्रतिमा कॅमेरा स्वतःच सुलटी करून दाखवतो, म्हणून सरळ नेत्रिकेतून डोळ्याला दिसलेले दृश्य आणि त्याच दुर्बिणीवरचे छायाचित्र यांत १८० अंशांचा फरक पडतो. बाजू मात्र तीच राहते. नेत्रिकेला मोबाइल लावून घेतलेल्या छायाचित्रात डोळ्याला दिसते तसेच दृश्य येते. संगणकाला जोडलेल्या कॅमेऱ्यांत खरा धोका सॉफ्टवेअरमध्ये असतो. प्रतिमा आडवी किंवा उभी उलटवण्याचे बटण आधीच्या वेळचे चालू राहिलेले असते, आणि फिट्स प्रकारची (खगोलीय छायाचित्रांसाठीची) फाइल काही प्रणाली खालच्या ओळीपासून तर काही वरच्या ओळीपासून उघडतात. अशी एकच उभी उलट प्रतिमेला आरशातली करून टाकते. यासाठी चित्रण सुरू करण्यापूर्वी मोटर बंद करून बिंब सरकतानाचे काही सेकंद त्याच फाइल-प्रकारात नोंदवून ठेवावेत.

पडताळणी

शेवटी आपले काम सूर्याशी आणि इतरांच्या निरीक्षणांशी ताडून पाहावे. सूर्याच्या फिरण्यामुळे डाग दररोज सुमारे १३ अंश पूर्वेकडून पश्चिमेकडे सरकतात, तेव्हा लागोपाठच्या दोन दिवसांची चित्रे हा उत्तम पुरावा असतो. मोठ्या गटात पुढचा, म्हणजे पश्चिमेकडचा डाग बहुधा अधिक ठळक आणि सूर्याच्या विषुववृत्ताला थोडा जवळ असतो. हे नेहमीच खरे ठरत नाही, पण गटांची सर्व चित्रे याच्या उलट निघत असतील तर दिशा पुन्हा तपासाव्यात. सूर्यग्रहणात चंद्राचा पहिला स्पर्श बिंबाच्या पश्चिम बाजूला होतो, तर बुधाच्या अधिक्रमणात, म्हणजे तो सूर्यबिंबासमोरून जाताना, बुध पूर्व कडेवरून आत शिरतो. १३ नोव्हेंबर २०३२ च्या अधिक्रमणासाठी, जे भारतातून दिसेल, ही गोष्ट आधीच कागदावर लिहून ठेवावी, नाहीतर पहिला स्पर्श पाहण्यासाठी नजर चुकीच्या कडेवर लागलेली राहील.

नासाच्या एसडीओ उपग्रहाची दैनंदिन चित्रे दृश्य प्रकाशातल्या डागांसाठी वापरावीत, आणि एच-अल्फामधल्या ज्वालांसाठी गाँग या जगभरातल्या सौर दुर्बिणींच्या जाळ्याची चित्रे पाहावीत. या जाळ्याच्या सहा केंद्रांपैकी एक उदयपूरला आहे. एसडीओच्या चित्रांत सूर्याच्या अक्षाची उत्तर वर आणि पूर्व डावीकडे असते, आकाशाची उत्तर नव्हे. म्हणून आपले चित्र ‘पी’ कोनाइतके फिरवल्यावरच तुलना करावी, आणि त्या चित्रांवरची जागतिक वेळ भारतीय वेळेपेक्षा साडेपाच तासांनी मागे असते हे धरून चालावे. प्रत्येक कागदावर तारीख, भारतीय वेळ, दुर्बिणीचा प्रकार, डायगोनल आहे की नाही, माउंट, ‘पी’ कोन आणि चारही दिशा लिहाव्यात. दिशा स्मरणातून नंतर भरू नयेत, दुर्बिणीजवळ उभे असतानाच लिहाव्यात.